सांगलीचा एक धडा
वाचकहो, इतिहास केवळ गडकोटांचाच असतो, असे मी मानत नाही. १९८६ साली मद्रास येथे भारतातील एचआयव्हीचे पहिले रुग्ण आढळले. १९९२ मध्ये सांगलीत ‘संग्राम’ ही संस्था उभी राहिली. देहविक्रय करणाऱ्या स्त्रियांनीच आपल्या सख्यांना निरोध वाटावेत, ही तिची रीत. परंतु हाच व्यवसाय करणाऱ्या पुरुषांचे काय? १८६० च्या दंडसंहितेतील ३७७ व्या कलमाने त्यांना अंधारात लोटले होते. गुन्हेगार ठरण्याचे भय असता डॉक्टरपुढे तोंड उघडावे तरी कसे? पुढे त्यांचा व तृतीयपंथीयांचा ‘मुस्कान’ हा संघही सांगलीतच निघाला. सर्वोच्च न्यायालयाने प्रौढांच्या संमतीच्या संबंधांपुरते ते कलम रद्द केले, ते २०१८ मध्ये. कायदा उशिराच आला; तोवर एकमेकांना त्यांनीच सांभाळले. औषधापर्यंत माणूस पोचतो तो आपल्या माणसाचा हात धरूनच!