स्पार्कल (पृच्छाभाषा)

स्पार्कल ही आरडीएफ या स्वरूपात साठवलेल्या माहितीतून हवी ती माहिती शोधण्यासाठी वापरली जाणारी संगणकीय पृच्छाभाषा आहे. 'स्पार्कल प्रोटोकॉल अँड आरडीएफ क्वेरी लँग्वेज' या नावाचे हे लघुरूप असून त्याच्या विस्तारात ते स्वतःच पुन्हा येते. वर्ल्ड वाईड वेब कन्सोर्शियमने १५ जानेवारी २००८ रोजी या भाषेला अधिकृत शिफारशीचा दर्जा दिला. तिची १.१ ही आवृत्ती २१ मार्च २०१३ रोजी प्रसिद्ध झाली.

विदेचे स्वरूप

आरडीएफमध्ये प्रत्येक विधान कर्ता, गुणधर्म आणि मूल्य अशा तीन पदांचे असते. 'नटसम्राट – लेखक – वि. वा. शिरवाडकर' हे असे एक विधान होय, 'वि. वा. शिरवाडकर – जन्मस्थान – पुणे' हे दुसरे. पहिल्या विधानातील मूल्य दुसऱ्यात कर्ता होते आणि अशा रीतीने विधानांचे जाळे विणले जाते. एसक्यूएलमध्ये तक्त्यांतील ओळी व स्तंभ यांचा विचार करावा लागतो. स्पार्कलमध्ये या जाळ्याचा.

पृच्छेची रचना

पृच्छा म्हणजे अपूर्ण ठेवलेली विधाने. अज्ञात पदाच्या जागी प्रश्नचिन्हाने सुरू होणारे चल लिहितात; चलाचे नाव देवनागरीतही चालते. 'पुण्यात जन्मलेल्या लेखकांच्या कृती' शोधण्यासाठी पुढील दोन ओळी पुरतात :

?कृती – लेखक – ?व्यक्ती
?व्यक्ती – जन्मस्थान – पुणे

दोन्ही ओळींत '?व्यक्ती' हे चल समान असल्याने त्या जोडल्या जातात. प्रत्यक्षात नावांऐवजी ओळखक्रमांक वापरावे लागतात. विकिडाटावर लेखक या गुणधर्माचा क्रमांक पी ५०, जन्मस्थानाचा पी १९, तर पुणे शहराचा क्यू १५३८ आहे. पृच्छेचे चार प्रकार आहेत : सिलेक्ट (तक्ता), आस्क (होय वा नाही), कन्स्ट्रक्ट (नवी विधाने) आणि डिस्क्राइब (वर्णन).

शिकताना होणाऱ्या चुका

चलाच्या नावात ऱ्हस्व-दीर्घाचा फरक झाला, म्हणजे एका ओळीत 'व्यक्ती' व दुसरीत 'व्यक्ति' असे लिहिले गेले, तर संगणक ती दोन स्वतंत्र चले मानतो. मग प्रत्येक कृतीची पुण्यात जन्मलेल्या प्रत्येक व्यक्तीशी जोडी लावली जाते. विकिडाटाच्या सार्वजनिक सेवेवर पृच्छेला ६० सेकंदांची मर्यादा असल्याने अशी पृच्छा बहुधा अर्धवटच थांबते.

दुसरी चूक लवकर लक्षात येत नाही. पृच्छेत मृत्युदिनांकाची ओळ घातली, की ज्यांचा मृत्युदिनांक नोंदलेला नाही अशा सर्व व्यक्ती यादीतून वगळल्या जातात. त्यांत हयात व्यक्तीही आल्या. त्या राहाव्यात म्हणून ती ओळ 'ऑप्शनल' या शब्दाखाली लिहावी लागते.

भाषेची खूण हीही महत्त्वाची आहे. 'एमआर' ही मराठीची खूण असलेला 'पुणे' हा शब्द आणि खूण नसलेला तोच शब्द ही स्पार्कलच्या दृष्टीने भिन्न मूल्ये होत.

उत्तराचा अर्थ

आरडीएफ खुल्या विश्वाचे गृहीतक मानते : जे नोंदलेले नाही ते खोटे ठरत नाही, केवळ अज्ञात राहते. त्यामुळे रिकामे उत्तर म्हणजे 'असे कोणी नाही' असा निष्कर्ष काढता येत नाही. एखाद्या लेखिकेचे जन्मस्थानच नोंदलेले नसेल, तर वरील पृच्छा कितीही अचूक असली तरी तिचे पुस्तक यादीत येणार नाही. एखाद्या घटकाला मराठी नाव दिलेले नसल्यास, केवळ मराठी नावे मागणाऱ्या पृच्छेच्या निकालात त्याचा नुसता क्रमांक दिसतो. अशा वेळी दुरुस्ती पृच्छेत नव्हे, नोंदीत करावी लागते; विकिडाटावर ती कोणाही वाचकाला करता येते.

वापर

विकिडाटाची पृच्छासेवा २०१५ मध्ये सुरू झाली. डीबीपीडिया हा विकिपीडियातील माहितीवर आधारित प्रकल्पही स्पार्कलद्वारे पृच्छा स्वीकारतो. अपाची जेना, व्हर्चुओसो आणि ब्लेझग्राफ ही या भाषेसाठी वापरली जाणारी काही सॉफ्टवेअरे आहेत.