आखाडा : हिंगोलीच्या रानवस्तीचा एक शब्देतिहास

रानातील एकान्त झोपडी म्हटली की सुशिक्षित वाचकास तपस्व्याची पर्णकुटी तरी आठवते, किंवा अमेरिकन ग्रंथकार थोरो याचे वॉल्डन तळ्याकाठचे लाकडी खोपट तरी. थोरो तेथे १८४५ ते १८४७ या काळात सुमारे सव्वादोन वर्षे राहिला आणि पुढे त्याने त्या वास्तव्यावर ग्रंथ लिहिला. आपल्याकडे वऱ्हाडच्या उत्तर सीमेवरील साळबर्डीच्या डोंगरात श्रीचक्रधरांनी बारा वर्षे काढली, असे महानुभाव परंपरा सांगते. ही परंपरा म्हाइंभटाने तेराव्या शतकाच्या अखेरीस सिद्ध केलेल्या ‘लीळाचरित्रा’मुळे टिकली. अशा रीतीने जे रानवास इतिहासात नोंदले गेले, त्यांच्यामागे कोणी ना कोणी लिहिणारा होता. ज्यांच्यामागे असा लिहिणारा नव्हता, त्यांच्या रानवासाचा मागोवा कोणत्या साधनाने घ्यावा, हा प्रस्तुत लेखाचा विषय होय.

१ मे १९९९ रोजी परभणी जिल्ह्यातून वेगळ्या झालेल्या हिंगोली जिल्ह्याचा उत्तर व मध्य भाग डोंगराळ आहे. अजिंठ्याच्या रांगेच्या शाखा येथवर उतरत आल्या आहेत. पैनगंगा व कयाधू यांच्या खोऱ्यांमधील कळमनुरी, औंढा व सेनगाव या तालुक्यांत सागाचे पानझडी रान आहे. त्यात आंधांची गावे व बंजाऱ्यांचे तांडे वसले आहेत. रानालगत शेती करणाऱ्यास पिकाच्या दिवसांत गावी परतून चालत नाही. रानडुकरे, रोही व हरणे यांपासून ज्वारी राखण्यासाठी त्यास ‘जागली’स जावे लागते. या गरजेतून शेतात जो निवारा उभा राहिला, त्यास या भागात ‘आखाडा’ म्हणतात.

मराठीच्या इतर प्रदेशांत आखाडा म्हणजे कुस्तीची जागा किंवा गोसाव्यांचे ठाणे. मग शेतातील वस्तीस हे नाव कसे पडले? गोसाव्यांची ठाणी गावाबाहेर असत, त्यावरून शेतातील वस्तीसही तेच नाव मिळाले, अशी उपपत्ती सहज सुचते. ती मला मान्य करता येत नाही. आखाडा हा शब्द संस्कृत ‘अक्षवाट’ या शब्दापासून प्राकृत ‘अक्खाडग’द्वारा आलेला आहे. त्यातील ‘वाट’ या घटकाचा अर्थ कुंपण घातलेले आवार असा असून मराठी ‘वाट’, म्हणजे रस्ता, या शब्दाशी त्याचा संबंध नाही. ‘वाडा’ आणि ‘वाडी’ हे शब्द मात्र याच ‘वाट’चे वंशज होत. शेतातील आखाड्यात कुंपण आहे, गुरांची बांधणी आहे, वैरण व अवजारे आहेत. झोपडी हा या आवाराचा केवळ एक भाग असून तिला ‘खोप’ किंवा ‘खोपी’ असे निराळे नाव आहे. म्हणजे येथे आवार हाच अर्थ प्रधान आहे, आणि तो गोसाव्यांकडून उसना घेण्याचे कारण उरत नाही.

विभक्तिप्रत्ययांचा व शब्दयोगी अव्ययांचा वापरही हेच सांगतो. माणूस ‘खोपीत’ निजतो, पण ‘आखाड्यावर’ राहतो. ‘शेतावर’, ‘मळ्यावर’, ‘कामावर’ या प्रयोगांतील ‘वर’ येथे आहे, ‘घरात’मधील ‘त’ नाही. भाषेने आखाड्याची गणना घरांत केली नसून कामाच्या ठिकाणांत केली आहे. गुढीपाडव्यापासून गुढीपाडव्यापर्यंत करारावर राहणारा सालगडी वर्षातील बहुतेक रात्री तेथेच काढतो. तरीही त्याच्या त्या निवासास घर हा शब्द लागत नाही. कागदपत्रांत ज्याचे नाव क्वचितच येते, त्याची सामाजिक स्थिती या एका ‘वर’मध्ये नोंदली गेली आहे.

खोपीच्या अंगोपांगांची नावे याहून जुनी साक्ष देतात. तुराट्यांच्या, शेणमातीने लिंपलेल्या ‘कुडा’चे मूळ संस्कृत ‘कुड्य’, म्हणजे भिंत. छपराचा ‘वासा’ हा ‘वंश’, म्हणजे बांबू. कोशात जे शब्द तत्सम रूपाने भारदस्त वाटतात, तेच येथे गवताच्या छपराखाली निरंतर वापरात राहिले. उलट ‘गुंफा’ या शब्दाची गती पाहावी. महानुभाव गद्यात तो साधूच्या राहत्या झोपडीसही लागतो. आज मात्र तो डोंगरातील गुहेपुरताच उरला आहे. विरक्ताच्या झोपडीचे नाव अशा रीतीने भाषेतून मागे पडले, पण कष्टकऱ्याच्या झोपडीचे नाव टिकले, कारण तिची गरज प्रत्येक पेरणीबरोबर नव्याने उत्पन्न होत होती.

आखाड्यावरील निवास कायमचा झाला, एकाची चार कुटुंबे झाली, म्हणजे ‘वाडी’ होते. खोप, आखाडा, वाडी, गाव असा हा क्रम मानण्यास अर्थदृष्ट्या अडचण नाही. तथापि ग्रामनामांच्या बाबतीत सावधगिरी हवी. कळमनुरी तालुक्यातील आखाडा बाळापूर या नावातील ‘आखाडा’ शेतीचा की गोसाव्यांचा, हे केवळ नावाच्या रूपावरून ठरविणे शास्त्रशुद्ध होणार नाही. त्यास स्थळपाहणीची व जुन्या महसुली दप्तरांची जोड हवी.

गवताच्या छपराची जागा पत्र्याने आणि कुडाची विटांनी घेतली, की ‘कूड’ व ‘वासा’ हे शब्द प्रथम वापरातून जातात आणि पुढे आठवणीतूनही जातात. ज्या वर्गाने आपला इतिहास लिहून ठेवला नाही, त्याच्या बाबतीत ही हानी दप्तर जळण्याइतकीच मोठी आहे. आपल्या विभागातील जे विद्यार्थी या तालुक्यांतून आले आहेत, त्यांनी सुटीत गावी जावे आणि आखाड्यावर एखादी रात्र काढून वृद्ध सालगड्यांकडून हे शब्द त्यांच्या वाक्यांसह टिपून घ्यावेत. सुटा शब्द कोशात सापडेलही, पण त्यापुढचा ‘वर’ की ‘त’ हे मात्र बोलणाऱ्याच्या तोंडूनच ऐकावे लागेल.