मागे ऐकू येतंय का? : मोटारीतल्या फेडरची गोष्ट

आमच्या काकांकडे पद्मिनी होती. मागच्या काचेखालच्या फळीवर दोन मोठे लंबगोल स्पीकर, आणि पुढे डॅशबोर्डात एक लहानसा. लग्नाकार्याला निघालो की काका पुढून विचारायचे, "मागे ऐकू येतंय ना?" आजी म्हणायची, "अरे, कानात वाजतंय, जरा हळू कर." काकांनी आवाज कमी केला की शेजारी बसलेले बाबा म्हणायचे, "आता पुढे काहीच येत नाही." मग पुन्हा आवाज मोठा. हे मुक्कामाला पोहोचेपर्यंत चालायचं.

गंमत म्हणजे या भांडणाचं उत्तर त्याच टेपवर होतं. आवाजाच्या बटणामागे एक पातळ कडी होती. ती फिरवली की पुढचा आवाज वाढून मागचा कमी व्हायचा, किंवा उलट. तिला फेडर म्हणतात. आमच्याकडे तिला कधीच कोणी हात लावला नाही.

माझ्या पीएचडीचा विषय आहे मोटारीतल्या ऐकण्याचा इतिहास. सुरुवातीला मला वाटलं होतं, फेडर म्हणजे संगीताच्या शौकिनांसाठी केलेली सोय. कागदपत्रं वाचत गेले तसं लक्षात आलं की गोष्ट वेगळी आहे. ही कडी आली ती आवाज चांगला करायला नाही, तर आवाजाची वाटणी करायला.

एक रेडिओ, एक स्पीकर

१९३० साली शिकागोच्या पॉल गॅल्विननी आपल्या स्टुडबेकर गाडीत रेडिओ बसवला आणि ती गाडी घेऊन अटलांटिक सिटीच्या रेडिओ उत्पादकांच्या मेळाव्याला गेले. आत दुकान मांडायला जागा नव्हती, म्हणून गाडी बाहेरच उभी करून रेडिओ मोठ्याने लावला. त्या रेडिओचं नाव मोटोरोला. किंमत सुमारे ११० ते १३० डॉलर, तेव्हाच्या मानाने भरपूर. दोन वर्षांनी, १९३२ मध्ये, जर्मनीत ब्लाउपुंक्टचा 'ऑटोसुपर' आला.

या रेडिओंना स्पीकर एकच, तोही पुढे. इंजिनाचा आणि रस्त्याचा आवाज त्यावर. शिवाय एक साधं भौतिकशास्त्र आडवं येतं. खर्जाचा आवाज अडथळ्याला वळसा घालून जातो. बारीक, वरच्या पट्टीचा आवाज अडथळ्यावर अडतो. पुढच्या सीटची पाठ हा असाच अडथळा. त्यामुळे मागे बसणाऱ्याला गुणगुण ऐकू येते, पण शब्द कळत नाहीत. बातम्या ऐकायच्या तर नेमके शब्दच हवेत! मागच्यांसाठी आवाज वाढवला की चालवणाऱ्याचे कान किटतात.

अमेरिकेत १९५०च्या दशकात यावर उपाय म्हणून मागच्या फळीवर दुसरा स्पीकर जादा पैसे घेऊन मिळू लागला. त्याच्याबरोबर कधी तीन जागांचा खटका असायचा (पुढे, मागे, दोन्ही), कधी फेडर. रेडिओ तोच, कार्यक्रम तोच, स्टिरिओचं नाव नाही. प्रश्न एवढाच होता, की कोणाला किती?

हा जुना फेडर म्हणजे तारेच्या वेटोळ्याचा एक बदलता रोध. ॲम्प्लिफायरकडून येणारी तार त्याच्या सरकत्या टोकाला, आणि दोन बाजू दोन स्पीकरना. टोक पुढच्या बाजूला सरकवलं की पुढच्या स्पीकरच्या वाटेतला रोध कमी होतो आणि मागच्याच्या वाटेतला वाढतो. अडचण अशी की स्पीकरला जायची थोडी शक्ती या तारेतच उष्णता होऊन वाया जायची. म्हणजे वाटणीची किंमत मोजावी लागायची.

स्टिरिओ आला, प्रश्न बदलला

गॅल्विनच्या पहिल्या मोटार-रेडिओत सहभागी असलेला विल्यम लिअर पुढे विमानं बनवू लागला, आणि १९६०च्या दशकात ८-ट्रॅक टेप घेऊन पुन्हा मोटारीकडे वळला. फोर्डने १९६६च्या मॉडेलांमध्ये हा टेप द्यायला सुरुवात केली. आता गाडीत खरा स्टिरिओ आला. आणि स्टिरिओला फक्त 'किती ऐकू येतंय' हे पुरत नाही, 'कुठून ऐकू येतंय' हेही लागतं. गायक समोर उभा आहे असं वाटायला हवं.

इथे मला माझ्यासारख्याच एका पीएचडीवाल्याची मदत झाली. हेल्मुट हास यांनी १९४९ मध्ये ग्योटिंगेन विद्यापीठात प्रबंध सादर केला. तोच आवाज दोन ठिकाणांहून थोड्या अंतराने आला तर काय होतं, हे त्यांनी मोजलं. उत्तर असं, की जो आधी पोहोचतो त्याच्या दिशेने आवाज येतोय असं आपल्याला वाटतं. मागाहून, म्हणजे साधारण ५ ते ३० मिलिसेकंदांनी, येणारा आवाज काही डेसिबलनी मोठा असला तरी तो वेगळा जाणवत नाही, पहिल्यातच मिसळून जातो.

आता हे गाडीत बसवून बघा. आवाज एक मीटर जायला साधारण ३ मिलिसेकंद घेतो. चालवणाऱ्यापासून पुढचा स्पीकर एक मीटरवर आणि मागचा दोन मीटरवर धरला, तर पुढचा आवाज ३ मिलिसेकंद आधी येतो. पातळी सारखी असेल तर त्याला गायक समोर वाटतो. पण मागे बसलेल्या आजीच्या डोक्यामागे अर्ध्या मीटरवर स्पीकर! तिच्या कानात मागचा आवाज आधीही येतो आणि मोठाही येतो. एकाच फेडरने दोघांनाही 'बरोबर' वाटेल अशी जागा मुळात नाहीच. आमच्या गाडीतलं भांडण हट्टाचं नव्हतं, अंतराचं होतं.

पुढची पावलं झपाट्याने पडली. प्रत्येक स्पीकरला स्वतंत्र ॲम्प्लिफायर मिळू लागला, त्यामुळे फेडर ॲम्प्लिफायरच्या आधी बसवता आला आणि शक्ती वाया जाणं थांबलं. १९८३च्या मॉडेलांसाठी बोस आणि जनरल मोटर्सच्या डेल्कोने ठरावीक गाडीची आतली रचना लक्षात घेऊन तिच्यासाठीच बेतलेली यंत्रणा काढली. आज तर प्रत्येक स्पीकरचा आवाज काही मिलिसेकंद मुद्दाम उशिरा सोडता येतो. पण ही सगळी गणितं बहुतेक वेळा एकाच खुर्चीसाठी केलेली असतात, चालवणाऱ्याच्या.

माझ्या संशोधनातला सल इथेच आहे. मी पाहिलेली माहितीपत्रकं बोलतात ती चालवणाऱ्याशी. कडी पुढे, हात पुढचा. मागची माणसं, म्हणजे आपल्याकडे बहुधा आजी, आई, मुलं, त्यांच्या वाट्याला काय आलं याची नोंद कोण ठेवणार? फेडर त्यांच्यासाठीच जन्माला आला, पण त्यांच्या हातात कधी आला नाही.

तुमच्या गाडीत करून बघा

ओळखीचं गाणं लावा. आधी फेडर पूर्ण पुढे न्या. मग एकेक घर मागे आणत जा. गायक समोरून हलून डोक्यावर आल्यासारखा वाटला की थांबा, आणि एक-दोन घरं परत पुढे जा. एकटे असाल तर एवढं पुरे. मागे डिकीच्या पोकळीमुळे खर्ज जास्त येतो, तेव्हा फेडर मागे नेल्यावर 'आवाज भारी झाला' असं वाटलं तर तो बहुधा नुसता खर्ज असतो. मागे कोणी असेल तर मात्र गाडी थांबवून स्वतः मागे बसून ऐका.

गेल्या महिन्यात मी तेच केलं. मागे दोन मिनिटं बसले आणि कानठळ्या बसल्या. फेडर चार घरं पुढे नेला आणि आईला विचारलं, "आता नीट ऐकू येतंय?" ती म्हणाली, "गाण्याचं राहू दे गं, आता निदान बोलता तरी येतंय."

पुढच्या लेखात ८-ट्रॅकबद्दल.