‘तुंबाड’ आणि प्रेक्षकांचा कौल

चित्रपटाचा न्याय पहिल्या आठवड्यांतच होतो, असा समज रूढ आहे. राही अनिल बर्वे यांच्या ‘तुंबाड’चा इतिहास पाहतां तो आम्हांस पटत नाहीं. २०१८ सालीं व्हेनिसच्या समीक्षक-सप्ताहाचा आरंभ या चित्रपटानें झाला. परंतु १२ ऑक्टोबर रोजीं तो येथें प्रदर्शित झाला तेव्हां तिकीटविक्री बेताचीच राहिली. भुताचें भय अनुभवावयास गेलेल्यांस लोभाची कथा भेटली, आणि ते हिरमुसले. इतरांस मात्र अखंड पाऊस, पडका वाडा व हस्तराच्या सुवर्णमुद्रा यांनीं भारून टाकिलें. घर मराठी असूनहि भाषा हिंदी, ही रुखरुख निराळीच.

१३ सप्टेंबर २०२४ रोजीं तोच चित्रपट पुन्हां पडद्यावर आला आणि पहिल्या खेपेहून अधिक उत्पन्न मिळवून गेला. कथा तीच, पात्रें तींच. बदलली ती पाहणाराची अपेक्षा. पहिला कौल ‘भयपट’ या नांवास होता, दुसरा कृतीस.

परंतु ज्या कृतीस दुसरी खेप लाभतच नाहीं, तिचें काय? हिंगोलीसारख्या जिल्ह्यांत पडदे मोजके; नवा खेळ येतांच जुना उतरतो. म्हणून पहिल्या दिवशींचा निकाल अंतिम मानण्याची घाई रसिकांनीं करूं नये, एवढेंच आमचें म्हणणें आहे.