शीळ कोण घालतंय?

मैत्रिणींनो, बोरिवलीच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात पावसाळ्याच्या पहाटे कान्हेरी लेण्यांजवळच्या ओढ्याशी उभं राहिलं, की कुणीतरी शीळ घालतंय असं वाटतं. एखादा पोरगा आपल्याच नादात चालल्यासारखी. सूर धरतो, मध्येच सोडतो. माणूस मात्र दिसत नाही. तो असतो शीळकरी कस्तूर, सह्याद्रीच्या ओल्या जंगलातला पक्षी.

सापडायला भारी अवघड. साळुंकीपेक्षा जरा मोठा, सावलीत नुसता काळा, आणि बसतो काळ्या खडकावर! उजेड पडला तरच कपाळावर आणि खांद्यावर निळी चमक दिसते. नर-मादी सारखेच. घरटंही वाहत्या पाण्यालगतच्या कपारीत. म्हणून आम्ही म्हणतो, आधी कान लावा, मग डोळे.

पुस्तकातली ओळख मात्र बंदुकीच्या वाटेनं आली. पक्षी मारायचा, पेंढा भरून ठेवायचा, मापं घ्यायची. १८३१ साली या पक्ष्याला शास्त्रीय नाव मिळालं, त्यात थॉमस हॉर्सफील्ड यांचं नाव आहे. ते लंडनला ईस्ट इंडिया कंपनीचं संग्रहालय सांभाळत. ओढ्यावर रोज पाणी भरणाऱ्या बाईला हा कधी गायला लागतो ते ठाऊक असणारच, पण तिला विचारतंय कोण?

मुंबईत बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी १८८३ साली निघाली. शाळकरी वयात सलीम अलींनी छऱ्याच्या बंदुकीनं एक चिमणी पाडली. तिचा गळा पिवळा दिसला, म्हणून ओळख विचारायला ते तिथंच गेले. तिथल्या मिलार्डसाहेबांनी त्यांना पेंढा भरलेले पक्षी काढून दाखवले. १९४१ साली सलीम अलींचं भारतीय पक्ष्यांवरचं पुस्तक आलं. आता चित्राशी ताडून, न मारता पक्षी ओळखता येऊ लागला. पण पुस्तक इंग्रजीत! मराठीत मारुती चितमपल्लींनी वनखात्यात नोकरी करता करता रानातल्या माणसांकडून नावं जमवली आणि ‘पक्षिकोश’ केला.

तरी सगळी नावं कुठं कागदावर आलीत? याच उद्यानात वारल्यांचे पाडे आहेत. पोरं शहरातल्या शाळेत जातात, आणि आजी गेली की तिच्या तोंडचं नावही जातं. तुमच्या ओढ्यावर हा शीळ घालत असेल, तर गावात त्याला काय म्हणतात? गटाच्या पुढच्या बैठकीत थोरल्या बायकांना विचारा आणि वहीत लिहा. सांगणारीचं नावही शेजारी लिहा.