ब्रुनेलेस्कीची फळी आणि आपली लॅबची वही

रेल्वेचे रूळ दूरवर एका बिंदूत मिळतात, हे चित्र शाळेच्या ड्रॉइंगच्या वहीत आपण सगळ्यांनी काढलंय. यालाच पर्स्पेक्टिव्ह किंवा यथार्थदर्शन म्हणतात. पण चित्र खऱ्या दृश्याशी जुळतंय, हे तपासून कुणी दाखवलं? त्यासाठी पंधराव्या शतकाच्या सुरुवातीच्या फ्लॉरेन्समध्ये जावं लागतं.

फिलिप्पो ब्रुनेलेस्की मूळचा सोनार. पुढे तिथल्या कॅथेड्रलचा घुमट त्यानेच बांधला. कॅथेड्रलच्या दारातून समोरची अष्टकोनी बाप्टिस्टरी जशी दिसते, तशी त्याने एका छोट्या फळीवर रंगवली. फळीला मसुरीएवढं भोक पाडलं. बघणाऱ्याने फळीच्या मागून एक डोळा भोकाला लावायचा आणि समोर आरसा धरून त्यात चित्र पाहायचं. आकाशाच्या जागी चकचकीत चांदी होती, त्यामुळे खरे ढग त्यात सरकताना दिसत. वाटायचं, आपण खरी इमारतच पाहतोय!

विचार करा, हा चक्क प्रयोग आहे. निरीक्षकाची जागा ठरलेली, डोळा एकच, आणि पडताळा कुणीही घ्यावा.

गोची पुढे आहे. ती फळी आज उरलेली नाही. ब्रुनेलेस्की १४४६ मध्ये वारला. प्रयोगाचं वर्णन मिळतं ते अंतोनियो मानेत्तीने नंतर लिहिलेल्या चरित्रात. मानेत्तीचा जन्म १४२३ चा. फळी त्याने हातात घेतली होती, पण ती रंगवताना पाहिलेली नव्हती. चित्र आखलं कसं? इमारतीची मापं घेऊन, की आरशातलं प्रतिबिंब गिरवून? अभ्यासकांचा वाद अजून चालू आहे.

रीत लिहून ठेवली ती लिओन बातिस्ता आल्बेर्तीने, १४३५ मध्ये. फरशीचे चौकोन लांब जाताना किती लहान काढायचे, हे त्याने पायरीपायरीने सांगितलं. १४३६ च्या इटालियन प्रतीत त्याने ब्रुनेलेस्कीलाच पुस्तक अर्पण केलंय. पुढच्या पिढ्यांच्या हाती पडली ती ही लिहिलेली रीत.

पहिल्या वर्षी माझा एक आलेख झकास आला होता. पण डिटेक्टर किती अंतरावर ठेवला होता, हे वहीत नव्हतं. तो आलेख प्रबंधात घेता आला नाही.

तेव्हा रिझल्टच्या आधी लिहा, तुम्ही कुठे उभे होतात.