कोण बोलतंय?

आमच्या सोनपेठात ट्रंक कॉल म्हणजे तारेच्या खालोखाल गंभीर प्रकरण. नंबर बुक करायचा आणि बाकावर बसून राहायचं. पण एक सोय होती : ऑपरेटर माणूस ओळखायचा. आवाजावरून घराणं सांगायचा, वर "भाऊंचा खोकला कसा आहे?" हेही विचारायचा. भारतात १९६० साली कानपूर-लखनौ मार्गावर एसटीडी सुरू झाली आणि हा ओळखणारा माणूस हळूहळू मधून गेला.

पुढे त्याच तारांवरून कॉम्प्युटर बोलू लागले. १५ ऑगस्ट १९९५ला विदेश संचार निगमने मुंबईसारख्या शहरांत लोकांसाठी इंटरनेट खुलं केलं. कंपन्यांचे फिरतीवरचे साहेब लॉजवरून फोन लावून हेड ऑफिसच्या कॉम्प्युटरात शिरू लागले. पंचाईत एवढीच, की मोडेम किंचाळतो, पण आवाज ओळखत नाही. नंबर कळला की कुणीही दार वाजवावं! १९८३च्या ‘वॉरगेम्स’ चित्रपटातला पोरगा असेच नंबर फिरवत थेट लष्कराच्या कॉम्प्युटरपर्यंत पोचतो.

उपाय निघाला ‘कॉलबॅक’चा. नाव सांगा, फोन ठेवा. नोंदलेल्या नंबरावर आम्हीच करतो. म्हणजे पुन्हा बाकावर बसणं आलंच! पण फिरतीवरच्या माणसाचा ठरलेला नंबर कुठला?

त्यात कंपनीत चार मेकची यंत्रं. प्रत्येक यंत्र म्हणजे वाड्याचं एक दार, आणि प्रत्येक दारावरच्या पहारेकऱ्याची यादी वेगळी. काढून टाकलेल्या कारकुनाचं नाव पुढच्या दारी खोडावं, तर तो परसदारातून आत! हिशेबाच्या वह्या त्याच्या हाती लागल्या, की पुढचं सांगायला नको.

१९९१ साली अमेरिकेतल्या मेरिट नेटवर्कला अशीच व्यवस्था हवी होती. लिव्हिंग्स्टन नावाच्या कंपनीने ‘रेडियस’ काढलं. १९९७ साली त्याचे नियम सर्वांसाठी प्रसिद्ध झाले, त्यामुळे कुठल्याही मेकचं यंत्र ते पाळू शकलं. युक्ती आपल्या लग्नमांडवातलीच. दारं कितीही असोत, वही एक. दारावरचा पोऱ्या स्वतः काही ठरवत नाही. आत मावशींना विचारतो. मावशींचे प्रश्न तीन : कोणाकडचे? कुठल्या पंगतीला बसवायचे? आणि आले कधी, गेले कधी, याची नोंद झाली का? नाव एकदा खोडलं, की सगळी दारं बंद.

मोडेम अडगळीत गेले, तरी वही चालूच आहे. विद्यापीठांच्या ‘एड्युरोम’ वाय-फायमागे आजही रेडियसच असतं. फक्त या मावशींना "अहो, ओळखलं नाहीत का?" म्हणून लाजवता येत नाही.